पहिली निवड सहा वेळा मिळाली, तरी पायरेट्स तिथल्या तिथेच. चुकतंय कुठे?

तीननद्यावाला

पिट्सबर्गला शिकायला आलो तेव्हा पीएनसी पार्क हे पायरेट्सचं मैदान नवंकोरं होतं (२००१ चं) आणि संघ मात्र जुनापुराणा हरणारा. क्रिकेटची भूक भागवायला बेसबॉल बघू लागलो आणि नशिबी पायरेट्स आले. १९९३ ते २०१२, सलग वीस मोसम हारजितीत हारच जास्त. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळात असा विक्रम दुसऱ्या कुणाचा नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दरवर्षी शाळा-कॉलेजातली पोरं संघ पाळीपाळीने निवडतात, तो ड्राफ्ट. आधीच्या मोसमात जो तळाला, त्याची पाळी आधी. (२०२३ पासून वरच्या सहा जागांसाठी चिठ्ठ्या टाकतात, म्हणजे मुद्दाम हरायची हौस कमी व्हावी.) पायरेट्सना देशातल्या सगळ्या पोरांमधून पहिला उचलायचा मान सहा वेळा मिळाला : १९८६, १९९६, २००२, २०११, २०२१, २०२३. इतक्या वेळा दुसऱ्या कुणालाच नाही.

आणि त्यांनी केलं काय? २००२ मध्ये बॉल स्टेट विद्यापीठाचा पिचर (चेंडू टाकणारा) ब्रायन बुलिंग्टन उचलला. त्याच फेरीत पुढे बी. जे. अप्टन, झॅक ग्रिंकी, प्रिन्स फील्डर, कोल हॅमल्स बसलेले. बुलिंग्टनला मेजर लीगमध्ये (सगळ्यात वरच्या स्पर्धेत) उभ्या आयुष्यात एक विजय मिळाला, तोही कॅन्सस सिटीच्या कपड्यांत. २००६ मध्ये चौथ्या क्रमांकावर ब्रॅड लिंकन. सातव्यावर क्लेटन कर्शॉ, दहाव्यावर टिम लिन्सेकम, अकराव्यावर मॅक्स शर्झर. २००९ मध्ये चौथ्यावर कॅचर (इथला यष्टिरक्षक) टोनी सँचेझ. त्या वर्षी माइक ट्राउट पंचविसावा गेला.

सगळ्यात लागलं ते २००१ चं. केंट स्टेटचा जॉन व्हॅन बेन्सकोटन त्या वर्षी कॉलेज बेसबॉलमध्ये देशात सर्वाधिक ३१ होमरन (आपल्या षटकारासारखे) मारून आलेला. आमच्या लोकांनी त्याला आठव्या क्रमांकावर घेतलं आणि म्हणाले, बॅट खाली ठेव, तू पिचर. खांद्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, मेजर लीगमध्ये २ विजय, १३ पराभव, ईआरए (दर नऊ डावांमागे पिचरच्या नावावर लागलेल्या धावा, जितक्या कमी तितकं बरं) ९.२०. गाय दुभती म्हणून आणायची आणि नांगराला जुंपायची.

माझं म्हणणं सरळ आहे : ही हलाखी मैदानावर झालेली नाही. ती दरवर्षी निवडीच्या टेबलावर झाली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून?

स्टॅटबुवा

साफ असहमत. निकाल लागल्यावर पेपर सोडवायला काय जातं?

कर्शॉ सातवा गेला म्हणजे त्याला सहा संघांनी सोडलं. पहिला लूक होचेव्हर, दुसरा ग्रेग रेनल्ड्स. यातलं कुणी आज आठवतं? त्यांच्या नावाने धागा काढलात का? ट्राउटची गोष्ट तर आणखी मजेची. एंजल्सकडे लागोपाठ दोन निवडी होत्या, २४ आणि २५. त्यांनी आधी रँडल ग्रिचकला घेतलं आणि मग ट्राउटला. ज्यांना तो मिळाला त्यांनाच खात्री नव्हती.

अठरा-एकवीस वर्षांच्या पोराचा खांदा पाच वर्षांनी कसा असेल हे कुणी सांगू शकत नाही. शिवाय १९८५ विसरलात. सहाव्या क्रमांकावर बॅरी बॉन्ड्स. त्याच्या आधी पाच जण गेले, त्यातला पाचवा कर्ट ब्राऊन मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. तेव्हा तुमच्या टेबलावर बसलेले लोक हुशार होते का?

तीननद्यावाला

बुवा, नशिबाचा भाग मान्य. पण २००७ ला काय म्हणाल? ते नंतर सुचलेलं शहाणपण नाही, त्याच संध्याकाळी गावभर बोंब झाली होती. चौथ्या क्रमांकावर जॉर्जिया टेकचा कॅचर मॅट विटर्स समोर होता. त्याचा एजंट स्कॉट बोरास, म्हणजे पैसे भरपूर लागणार हे उघड. पायरेट्सनी क्लेमसनचा डावखुरा पिचर डॅनियल मॉस्कोस घेतला, पंचवीस लाख डॉलरच्या आत. विटर्स पाचव्यावर बाल्टिमोरला गेला, साठ लाख घेऊन. मॉस्कोस मेजर लीगमध्ये एकूण ३१ सामने खेळला, सगळे २०११ चे. विटर्स चार वेळा ऑल-स्टार (मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या संघात).

हे चुकलेलं भाकीत नाही, ही वाचवलेली चिल्लर आहे. जनरल मॅनेजर डेव्ह लिटलफील्डना त्याच सप्टेंबरात घरी पाठवलं.

कढीपत्ता

चिल्लरच वाचवायची होती तर बुलिंग्टनला ४० लाख कशाला दिले? 🙂 पैसे दिले तरी चुकतात, वाचवले तरी चुकतात. मग पैशाला कशाला दोष?

माजी_यष्टिरक्षक

दोघंही भलतीकडे बघताय. निवड बरी होती, निगा वाईट होती.

गेरिट कोल घ्या. २०११ चा पहिला क्रमांक, करारावर सही करायचा बोनस ८० लाख डॉलर. २०१५ मध्ये १९ सामने जिंकून दिले. पण पायरेट्सच्या शाळेत सगळ्या पिचरना एकच धडा : सिंकर (खाली बुडणारा चेंडू) टाका, खाली टाका, बॅटरला जमिनीवर मारू द्या. जानेवारी २०१८ मध्ये त्याला दुसऱ्या खेळाडूंच्या बदल्यात ह्यूस्टनला दिलं. तिथे त्याला म्हणाले, बाबा, तुझा सरळ जाणारा फास्टबॉल वरच्या बाजूला टाक. २०१९ मध्ये २० विजय, ३२६ बळी, आणि त्या डिसेंबरात यांकीजकडून ३२ कोटी ४० लाखांचा करार. हात तोच, खांदा तोच. मग निवडणाऱ्याचं काय चुकलं?

२०१८ चाच ३१ जुलैचा सौदा. टँपाच्या क्रिस आर्चरसाठी ऑस्टिन मेडोज (पहिली फेरी, २०१३), शेन बाझ (पहिली फेरी, २०१७) आणि टायलर ग्लासनाऊ असे तिघे दिले. पेरलं पिट्सबर्गने, कापलं टँपाने. आर्चर दीड मोसम टिकला.

होसे बाउटिस्टा तर कहरच. विसाव्या फेरीतला, २००० चा. हातचा घालवला, २००४ मध्ये परत आणला, २००८ मध्ये टोरांटोला एका राखीव कॅचरच्या बदल्यात देऊन टाकला. २०१० मध्ये त्याने ५४ होमरन मारले.

शनिवारची_भाकरी

मला यातलं फार कळत नाही, नवऱ्यामुळे बघते. एक बाळबोध प्रश्न. आयपीएलमध्ये पैसे मोजून कुणालाही घेता येतं, मग इथे श्रीमंत संघ सरळ पैसे टाकून पहिला नंबर विकत का घेत नाहीत?

आणि ते आपले उत्तर प्रदेशचे दोन भालाफेक करणारे मुलगे याच संघाने घेतले होते ना? ते पण ड्राफ्टमधून का?

स्टॅटबुवा

वहिनी, बाळबोध अजिबात नाही. बेसबॉलमध्ये निवडीचा क्रमांक विकता येत नाही (मधल्या काही थोड्या जादा निवडी सोडून). बोनसलाही २०१२ पासून मर्यादा आहे. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला एक रक्कम ठरलेली असते, त्यांची बेरीज म्हणजे तुमचा बटवा. बटव्याच्या फार वर गेलात तर दंड, आणि पुढची निवडही जाते.

या नियमाचा पहिला फटका पायरेट्सनाच. २०१२ मध्ये स्टॅनफर्डचा मार्क अपेल आठव्या क्रमांकावर घसरत आला. ठरलेली रक्कम २९ लाख, यांनी ३८ देऊ केले. तो नाही म्हणाला आणि कॉलेजला परत गेला. पुढच्या वर्षी ह्यूस्टनने त्याला पहिला घेतला आणि तो मेजर लीगच्या माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) पोचला २०२२ मध्ये, फिलाडेल्फियाकडून. पायरेट्सना भरपाईत २०१३ चा नववा क्रमांक मिळाला, त्यात मेडोज आला. न मिळालेली नवरीच बरी म्हणायची.

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ड्राफ्टमधून नाही आले. परदेशातल्या खेळाडूंना थेट करारावर घेतात, तसे २००८ मध्ये घेतले. टीव्ही स्पर्धेतून आलेली पोरं, आधी बेसबॉल हातात धरलेला नव्हता. मेजर लीगपर्यंत नाही गेली. रिंकू पुढे कुस्तीच्या आखाड्यात, तिकडच्या टीव्हीवरच्या.

पुलाखालचा_पावसाळा

मूळ धाग्यावर माझा आक्षेप असा की तुम्ही १ ऑक्टोबर २०१३ चा बाद फेरीचा सामना वगळलात. मी त्या रात्री क्लेमेंटे पुलावरून चालत गेलो होतो. सगळं स्टेडियम काळ्या शर्टांत. सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो माउंडवर, आणि चाळीस हजार लोक त्याचं नाव लांबवून ओरडतायत : क्वेऽऽटो, क्वेऽऽटो. त्याच्या हातून चेंडू खाली पडला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन. मी शेजारच्या अनोळखी आजोबांना मिठी मारली, ते रडत होते.

आता त्या वर्षीचा संघ बघा. दुसऱ्या बेसवर नील वॉकर, इथल्याच गावचा पोरगा, २००४ ची पहिली फेरी. मधल्या मैदानात अँड्र्यू मकचन, २००५, अकरावा क्रमांक, त्या वर्षीचा लीगचा एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू). तिसऱ्या बेसवर पेद्रो अल्वारेझ, २००८, त्या मोसमात ३६ होमरन. आणि कोल. चौघंही पहिल्या फेरीचे. ९४ विजय. वीस वर्षांचा दुष्काळ ज्यांनी संपवला ते तुमच्या त्याच टेबलावरून आले.

तीननद्यावाला

पावसाळा, मीपण होतो तिथे, वरच्या स्वस्त रांगेत. डोळे पुसले हेही कबूल.

पण मार्टिन बाहेरून पैसे देऊन आणलेला. त्या रात्रीचा पिचर लिरियानोही तसाच. स्टार्लिंग मार्टे डोमिनिकन रिपब्लिकमधून. आणि अल्वारेझला २००८ मध्ये ६० लाखांवर दिले ते मॉस्कोसच्या बोंबेनंतरच ना? म्हणजे पैसे टाकल्यावर निकाल बदलला, हे माझंच म्हणणं.

यष्टिरक्षक, निगेबद्दल तुमचं बऱ्यापैकी पटलं. व्हॅन बेन्सकोटन खरं तर तुमच्या बाजूचा साक्षीदार निघाला, माझ्या नाही.

दुधातला_लाडू

मालक बॉब नटिंग, विषय संपला. इथे संघाच्या एकूण पगाराला वरची मर्यादा नाही, खालचीही नाही. खेळाडू सहा वर्षं संघाच्या हातात, सातव्या वर्षी मोकळा. बॉन्ड्स १९९२ नंतर सॅन फ्रान्सिस्कोला गेला तेव्हापासून हेच. (तेव्हा नटिंग नव्हते, ठाऊक आहे, पण रीत तीच.)

कढीपत्ता

लाडू, हे जरा जुनं झालं. ब्रायन रेनल्ड्सला २०२३ मध्ये आठ वर्षांचे १० कोटी ६७ लाख दिले, मिच केलरला ७ कोटी ७० लाख. कीब्रायन हेज, २०१५ ची पहिली फेरी, त्याला ७ कोटी. त्याची बॅटच बसली आणि २०२५ च्या जुलैत सिनसिनाटीला धाडला. हा तर टिकवूनही फसला.

मला वाटतं दुखणं आणखी अरुंद आहे. पिचर त्यांना ओळखता येतात. फलंदाज येत नाहीत. मकचननंतर पहिल्या फेरीतून आलेला एक तरी बॅटर सांगा जो इथे पाच-सहा वर्षं धड खेळला. अल्वारेझ दोन मोसम झळकला. सँचेझ, केव्हिन न्यूमन, ट्रॅव्हिस स्वॅगर्टी… आणि विल क्रेग.

शनिवारची_भाकरी

विल क्रेग कोण?

कढीपत्ता

वहिनी, बसून वाचा. २०१६ चा बाविसावा क्रमांक, पहिल्या बेसवर उभा राहणारा. मे २०२१, शिकागोविरुद्ध. दोन बाद. हाविएर बाएझने साधा चेंडू जमिनीवर मारला, थ्रो क्रेगच्या हातात आला, किंचित बाजूला. मागे पाऊल टाकून बेसला पाय लावला की डाव संपला. पण बाएझ उलटा, होम प्लेटकडे (जिथून मारलं तिकडेच) पळू लागला आणि क्रेग त्याला शिवायला त्याच्या मागे! दुसऱ्या बेसवरून निघालेला गडी तेवढ्यात थेट होमकडे धावत सुटला, क्रेगने चेंडू होमकडे फेकला, गडी सुखरूप. बाएझ वळून पुन्हा पहिल्याकडे, तिथे बेस राखायला कुणी नाही, तिकडचा थ्रो पण हुकला, बाएझ दुसऱ्यावर. गल्लीतल्या लंगडीत असं होत नाही. थोड्याच दिवसांत क्रेग संघाबाहेर, मग कोरियात.

माजी_यष्टिरक्षक

२०२१ चा हेन्री डेव्हिसही त्याच यादीत जाणार असं दिसतंय. पहिला क्रमांक, कॅचर, बॅट अजून बोलत नाही.

स्टॅटबुवा

डेव्हिसचा हिशेब मात्र एकट्याचा मांडू नका. त्या क्रमांकाची ठरलेली रक्कम ८४ लाख होती, त्याला ६५ मध्ये पटवलं. उरलेल्यातून तिसऱ्या फेरीत बबा चँडलरला ३० लाख देता आले, नाहीतर तो फुटबॉल खेळायला क्लेमसनला जाणार होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो मेजर लीगमध्ये आला आणि आल्या आल्या शंभर मैलांनी टाकायला लागला. एका निवडीत दोन पोरं.

कढीपत्ता

आणि तोही पिचरच. 🙂

तीननद्यावाला

आता पॉल स्कीन्सकडे येऊ, सगळे त्यालाच टाळताय. २०२३ चा पहिला क्रमांक, ९२ लाख, तोवरचा विक्रमी बोनस. एअर फोर्स अकादमीतून लुइझियाना स्टेटला आलेला. २०२४ मध्ये लीगचा सर्वोत्तम नवा खेळाडू, २०२५ मध्ये एकमताने साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार). ईआरए १.९७. इतकी चोख निवड या गावाने बॉन्ड्सनंतर पाहिली नाही.

आणि त्याची जितहार? १० विजय, १० पराभव. दर नऊ डावांत दोन धावासुद्धा न देणारा माणूस दहा सामने हरला, कारण मागे धावा करायला कुणी नाही. त्या मोसमात संघाचे ९१ पराभव. कढीपत्ता, या आकड्यासमोर तुमचा मुद्दा मान्य करावा लागतोय. मूळ धाग्यात मी टेबलाला दोष दिला, तो टेबलाच्या अर्ध्या बाजूला आहे.

पुलाखालचा_पावसाळा

२०२४ चा कॉनर ग्रिफिन शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) आहे, नववा क्रमांक, मिसिसिपीतल्या शाळेतून थेट. फलंदाज. जरा थांबा की.

दुधातला_लाडू

थांबतो. स्कीन्स २०२९ च्या मोसमानंतर मोकळा होतोय, तोवर थांबतो.