मदत हवी: यूकेच्या इनोव्हेटर फाउंडर व्हिसाला (तिकडे नवा धंदा काढणाऱ्यांचा) ५० हजार पाउंड लागतात की नाही?

सातपूरकर: २०२२ साली बिझनेस प्लॅन केला होता. कोल्ड स्टोअरेजचं तापमान-आर्द्रता मोजणारं यंत्र, इथे द्राक्षांसाठी चालतं, तिकडे सफरचंदवाल्यांना विकायचं. सातपूरहून दोन टेक्निशियन न्यायचे. धंद्यात ५० हजार घालायची अट आहे का? एका ओळीत सांगा, एफडी मोडायची आहे.

देवळालीकर: अर्ज कोणाच्या नावाने?

पंचवटी_एक्सप्रेस: अट १३ एप्रिल २०२३ ला गेली. एफडी राहू द्या. एन्डॉर्समेंटचे, म्हणजे सरकारमान्य संस्थेने प्लॅन तपासून मान्यता देण्याचे, १००० पाउंड, पुढे किमान दोन आढावा बैठका, प्रत्येकी ५००. हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क) वर्षाला १०३५, तीन वर्षांचा एकदम. पण धंद्याला पैसा कुठून आणणार हे विचारतातच.

मेपलभाऊ: कॅनडा बघा, थेट पीआर (कायमचं वास्तव्य).

देवळालीकर: भाऊ, त्यांचा स्टार्टअप व्हिसा २०२५ अखेर नव्या अर्जांना बंद झाला.

मेपलभाऊ: नवी योजना येतेय.

देवळालीकर: आली की धागा काढा.

सातपूरकर: मुलगा लेस्टरला एमएस्सी करतोय, अर्ज त्याचा. यंत्र माझं.

पंचवटी_एक्सप्रेस: हे आधी सांगायचं ना! मेख इथेच आहे. कल्पना अर्जदाराची हवी, निदान तिच्यात त्याचा मोठा वाटा हवा, आणि रोजचा कारभारही त्यानेच बघायचा. वडिलांचं यंत्र विकणारा मुलगा एन्डॉर्समेंटलाच अडकतो. त्याने खरंच काय केलंय ते प्लॅनमध्ये लिहा, नाहीतर तुम्हीच अर्ज करा: इंग्रजी बी२ पातळीचं, १२७० पाउंड सलग २८ दिवस खात्यात, टीबी तपासणी मुंबईला.
टेक्निशियनचं अवघड आहे. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाला (नोकरीवर नेण्याचा) पदवीच्या पातळीचं काम आणि वर्षाला साधारण ४१,७०० पाउंड पगार लागतो. त्याखालची मोजकीच पदं तात्पुरत्या यादीत आहेत, त्यांना कुटुंब नेता येत नाही. पदाचा कोड यादीशी ताडून बघा.

सीबीएसवाला: मुलाच्या खात्यात ‘घरखर्च’ म्हणून पैसे टाकून त्यातून स्वतःच्या नावावर शेअर घेऊ नका. ती परदेशी गुंतवणूक ठरते, पैसे जाण्याआधी बँकेमार्फत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा अर्ज) भरावा लागतो. वर्षात १० लाखांवर पाठवलं तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर).

गंगापूररोड: आयईएलटीएसचा क्लास हवा असेल तर कॉलेज रोडला बरेच आहेत.

द्राक्षबाग: व्हिसाचं राहू द्या, यंत्राचं बघा. सफरचंद तिकडे महिनोन्महिने कमी ऑक्सिजनच्या खोलीत ठेवतात. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजत नसेल तर त्यात नवीन काय, हा पहिला प्रश्न येईल.

सातपूरकर: गॅस सेन्सरचा भाग मुलानेच केलाय. तेवढं पुरेल का?

पंचवटी_एक्सप्रेस: डिझाइनच्या फायली, तारखा त्याच्या नावावर आहेत का?