मदत हवी आहे: फिट (FIT) चाचणी पॉझिटिव्ह आलेले लोक कोलोनोस्कोपीला जातच नाहीत

आमच्या कम्युनिटी क्लिनिकमध्ये आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग चालू आहे, ४५ ते ७५ वयाच्या, काही त्रास नसलेल्या लोकांना फिट किट घरी देतो (शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी, वर्षातून एकदा करायची). किट घेताना सगळे हो हो म्हणतात, परत आणताना टाळाटाळ. फोन, मेसेज, चित्रांचा कागद सगळं करून झालं, थोडा फरक पडला. बाटलीवर तारीख नसली की लॅब सँपल घेत नाही, म्हणून तारखेच्या जागेला पेनने गोल करून देतो.

पण खरं डोकं खातंय ते पुढचं. पॉझिटिव्ह आलं की कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघायची तपासणी) हवीच, ती आमच्याकडे होत नाही, रेफर केलं की माणूस गळतो. कुणी म्हणतं मूळव्याधच असेल, कुणी त्याआधी घ्यायच्या पोट साफ करायच्या औषधाला घाबरतं, कुणाला सोबत यायला कोणी नाही. परत एकदा फिटच करा ना म्हणतात, आता दुसरी निगेटिव्ह आली म्हणून पहिली पुसली जात नाही हे कसं पटवायचं! वेगळा माणूस नेमायला पैसे नाहीत, नर्स एकच, नोंदी एक्सेलमध्ये. एवढ्यावर भागवणाऱ्या कुणी, पॉझिटिव्ह लोकांचा कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत पाठपुरावा कसा बसवलाय, आणि पहिला फोन डॉक्टरने केला तर फरक पडतो का?