कारकीर्द कुणाकुणाची?

दूधगंगाकाठ:
आमच्या गावच्या बस्तीची स्मरणिका निघतेय. (चिकोडी भागात जैन मंदिराला बस्तीच म्हणतात, लोकवस्तीशी गल्लत नको.) त्यासाठी पंच कमिटीच्या कपाटातलं जुनं दप्तर बाहेर काढलं. काही कागद मोडीत, काही कन्नडमध्ये, काही मुंबई राज्याच्या काळातले टाइप केलेले मराठी. मोडी कागदांत 'अमुक स्वामी यांचे कारकिर्दीस' असं सारखं येतं, म्हणून मी मजकुरात 'भट्टारकांची कारकीर्द' असा मथळा दिला. (भट्टारक म्हणजे जैन मठाच्या गादीवरचे स्वामी.) कमिटीतल्या एका काकांनी हरकत घेतली. कारकीर्द मंत्र्याची, मामलेदाराची, फार तर क्रिकेटपटूची; संन्याशाला कसली आलीय कारकीर्द? त्यांना 'पट्टकाल', म्हणजे गादीवरचा काळ, हवाय. दुसरीकडे गावातल्या नामवंतांवर लिहिणाऱ्या पोरांनी सरळ 'करिअर' लिहून टाकलंय. एका पुस्तकात तीन शब्द झाले. काय ठेवू? आणि जुन्या कागदातल्या 'कारकीर्द'चा अर्थ आजचाच घ्यायचा का?

रुमालवाला:
आजचा घेऊ नका, तिथंच घोटाळा होतो. शब्द फारसी. कार म्हणजे काम, कर्द म्हणजे केलेलं. कारकून, कारखाना ही सगळी 'कार'चीच मंडळी. आणि 'कर्द'वरून आली ती 'कीर्द', रोजच्या जमाखर्चाची वही. रोजकीर्दीत आधी लिहायचं, मग खात्यावार खतावणीत न्यायचं, ही जुनी रीत. उत्तर कर्नाटकातल्या कन्नड दुकानदारालाही 'कीर्दी' कळते, तेव्हा हा शब्द सीमेच्या दोन्ही अंगांना नांदलेला आहे.

कीर्दीला आणखी एक अर्थ आहे, बस्तीच्या जमिनीच्या कागदांत तो भेटेलच: लागवडीखाली आणलेली जमीन. पडीत विरुद्ध कीर्द. शिवकाळच्या कागदांत 'कीर्द मामुरी' करा अशी ताकीद असते, म्हणजे गाव वसवा, रान पिकवा. तिथं वही शोधू नका.

आता कारकीर्द. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात तिचा अर्थ राज्य, अंमल, कारभार असा आहे. माणसाचं आयुष्य तिच्यात येत नाही. माधवराव पेशव्यांचा जन्म 1745 चा, त्यांची कारकीर्द 1761 ते 1772. आधीची सोळा वर्षं त्यांची असली तरी कारकिर्दीत धरायची नाहीत, कारण तेव्हा गादीवर ते नव्हते. जुन्या कागदात कारकीर्द ही गादीची असते, माणूस फक्त तिच्यावर बसलेला असतो. आज आपण ती माणसाला चिकटवली. फलंदाजाची कारकीर्द म्हणतो तेव्हा तो कुठल्या गादीवर बसलाय? म्हणून काकांचं कारण मला पटत नाही. मठाला गादी आहे, गादीला कारभार आहे, मग कारकीर्द का नसावी? उलट फलंदाजापेक्षा स्वामींनाच हा शब्द जास्त शोभतो.

शहापूरची:
आमच्यात म्हातारी माणसं 'अमक्या गौडाच्या वेळंत' म्हणायची की! साल कुणाला ठाऊक नसायचं. कोण पाटील होता ते सांगितलं की सगळ्यांना काळ कळायचा. ते 'कारकिर्दीस' तसंच दिसतंय बघा.

रुमालवाला:
अगदी तसंच, ताई. 'कारकिर्दीस' म्हणजे तारीखच, फक्त आकडा नसलेली. पण ती निव्वळ सवय नव्हे, तिच्यामागे पैशाचं कारण आहे. दक्षिण मराठा मुलखात इंग्रजांनी इनामांची चौकशी 1843 पासूनच सुरू केली, आणि 1852 च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशनला बळ मिळालं. ज्याच्याकडे इनाम जमीन होती त्याला ती कुणी दिली, केव्हा दिली, देणाऱ्याला देण्याचा अधिकार होता का, आणि तेव्हापासून वहिवाट अखंड आहे का, एवढं सगळं दाखवावं लागे. ब्राह्मणाचं अग्रहार असो, काझी-खतीबाचं वतन असो, लिंगायत मठाची जमीन असो की बस्तीची दिवाबत्ती, प्रश्न सगळ्यांना सारखेच. उत्तरादाखल जे लिहून द्यायचं ती कैफियत. आज 'कैफियत मांडली' म्हटलं की रडगाणं वाटतं, तेव्हा तो रीतसर जबाब होता. त्यात 'अमक्याचे कारकिर्दीस' हे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे, कारण देणारा चुकीचा निघाला तर जमीन गेली. तुमचा कागद अशा कैफियतीची नक्कल आहे का, एकदा बघून घ्या. तसं असेल तर तो पुरावा म्हणून लिहिलेला आहे, आठवण म्हणून नव्हे, आणि वाचताना तेवढी सावधगिरी ठेवा.

दूधगंगाकाठ:
वरती एक शब्दातली तारीख आहे. 'इसन्ने समानीन मया व अलफ'. आमच्या मोडीवाल्यांनी तिला 'अरबी साल' म्हणून सोडून दिलंय.

रुमालवाला:
सोडू नका हो. हा शुहूर सन, मराठी दप्तरांत अरबी आकड्यांनी लिहीत तो. इसन्ने दोन, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. उलटं वाचत गेलं की 1182. त्यात 599 मिळवले की 1781. वर्ष मृगाला बदलतं, म्हणून जानेवारी ते मे मधला कागद असेल तर 600 मिळवायचे, 1782 येईल. दिवस चांद्र महिन्याचा असेल तर तो वेगळा काढावा लागेल. म्हणजे हा मूळ कागद मराठी अमलातला, कैफियतीच्या कितीतरी आधीचा.

नांदणीचा पाहुणा:
जैन कागदांबद्दल एक सांगायलाच हवं, नाहीतर स्मरणिकेत मोठा गोंधळ छापून येईल. भट्टारकांच्या मठांत गादीवर येणाऱ्याला गादीचंच नाव मिळतं. कोल्हापूरचे ते लक्ष्मीसेन, नांदणीचे जिनसेन, श्रवणबेळगोळचे चारुकीर्ती. म्हणजे एका कागदात 'लक्ष्मीसेन स्वामींचे कारकिर्दीस' आणि शंभर वर्षांनंतरच्या कागदातही तेच. कुणी एकच स्वामी शतकभर गादीवर होते असं लिहिलेलं मी छापील पुस्तिकेत पाहिलंय! रुमालवाले म्हणतात तसं, कारकीर्द गादीची, आणि इथं तर नावसुद्धा गादीचंच. म्हणून अशा नावासोबत साल किंवा संवत्सर मिळेल तेवढं जोडा. आधीच्या परंपरेसाठी पट्टावली बघा. पट्ट म्हणजे गादी, पट्टावली म्हणजे एकामागून एक आलेल्यांची यादी. काकांचा 'पट्टकाल' तिथूनच आलाय, आणि लिंगायत मठांतही 'पट्टाधिकार' म्हणतातच. शब्द वाईट नाही. पण कागदात कारकीर्द असताना अवतरणात पट्टकाल घालू नका, आपल्या मजकुरात हवा तर घाला.

काकांचं म्हणणं एका ठिकाणी मात्र शंभर टक्के खरं. मुनींना कारकीर्द लावू नका. आचार्य शांतिसागर (1872–1955) तुमच्याच भागातले, भोजचे. मुनी गादीवर बसत नाहीत, एका जागी राहतही नाहीत. त्यांची वर्षं चातुर्मासांनी मोजतात, कुठल्या साली कुठल्या गावी वर्षायोग झाला ते. भट्टारक आणि मुनी एकाच मथळ्याखाली आणलेत तर समाजातलेच लोक तुम्हाला धरतील.

कॅम्पातला:
दुसऱ्या टोकाचं उदाहरण देतो. बेळगावात लंडन मिशनचं काम 1820 मध्ये सुरू झालं. प्रोटेस्टंट लोक चर्चच्या समाजाला 'मंडळी' म्हणतात, पाद्रीला 'पाळक'. (कन्नडमध्ये सभे आणि सभापालक.) मंडळीच्या नोंदवह्यांत कारकीर्द हा शब्द शोधायची गरजच नाही, तिथं बाप्तिस्मा, विवाह, दफन अशी एकेका माणसाची नोंद तारखेसकट असते. गादी नाही, माणूस आहे.

बाबा पदमनजी (1831–1906) हे नाव घ्या. जन्म बेळगावचा, 1854 साली बाप्तिस्माही बेळगावातच. पुढे पाळक, संपादक, 'यमुनापर्यटन'चे लेखक. आणि गंमत अशी की मोल्सवर्थच्या ज्या कोशाचा वर दाखला दिलाय त्याचा संक्षेप 1863 मध्ये याच बाबा पदमनजींनी काढला. त्यांच्या कामाला कारकीर्द म्हणायचं का? आजच्या मराठीत बिनदिक्कत. त्यांच्या काळच्या मराठीत ऐकणारा विचारता झाला असता, कुठल्या प्रांताची?

शहापूरची:
मिशनच्या हायस्कुलात बाळेकुंद्रीचे पंतमहाराजसुद्धा मास्तर होते की! दत्तसंप्रदायाचे एवढे मोठे सत्पुरुष, आणि पगार मिशनच्या शाळेचा. त्यांचं नोकरीचं काही बघायचं तर मठात कशाला मिळेल, मिशनकडेच बघायला पायजे. एका माणसाचे कागद दोन धर्मांच्या कपाटांत. आणखी एक, आमचं शहापूर सांगली संस्थानात होतं, मधोमध बेळगाव इंग्रजांचं. म्हणजे रस्ता ओलांडला की दप्तर बदललं. 1956 नंतर सगळंच म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आलं, पण जुने कागद काय माणसांबरोबर चालत येत न्हाईत.

निपाणीची:
नामवंतांबद्दल 'करिअर' नकोच, पण मला तिथं 'वृत्ती' या शब्दाकडे लक्ष वेधायचंय. कन्नडमध्ये करिअरला 'वृत्तिजीवन' म्हणतात. तुमच्या कन्नड कागदावरून कुणी भाषांतर करताना 'वृत्ती' तशीच उचलली तर मराठीत अर्थ फिरेल. आपल्याकडे वृत्ती म्हणजे एक तर स्वभाव, नाहीतर जोशी-उपाध्यायांचा पिढीजात हक्क.

आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये घ्या, 1906 मध्ये सदलग्यात जन्मलेले, प्राकृतचे मोठे पंडित. उपाध्ये ही बस्तीतल्या पूजेची घराण्याची वृत्ती, आडनावात उतरलेली. त्यांची कारकीर्द मात्र कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवण्याची आणि 'प्रवचनसार'सारखे ग्रंथ संपादित करण्याची. दोन्ही शब्द आपापल्या जागी ठेवले की माणूस नीट दिसतो.

अण्णासाहेब लठ्ठे (1878–1950) तुमच्या यादीत असतीलच. कुरुंदवाडचा जन्म, दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचं काम, कोल्हापूरचे दिवाण, मग 1937 ते 39 मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. दिवाणगिरीची ती कारकीर्द, मंत्रिपदाची तीही कारकीर्द, जुन्या अर्थानंसुद्धा. सभेतल्या कामाला मी 'कार्य' म्हणेन. 'लठ्ठे यांची कारकीर्द' असा एकच मथळा दिला तर तीन कपाटांतले कागद एका गाठोड्यात बांधल्यासारखं होईल.

दूधगंगाकाठ:
हेळवी (घराण्यांच्या वंशावळी सांगणारे फिरस्ते) चालेल का पुरावा म्हणून? सुगी झाल्यावर बैल घेऊन येतात, चोपडी उघडून कुळी वाचतात. आमच्या दोन घरांची माहिती त्यांच्याकडूनच मिळाली.

निपाणीची:
वंशासाठी चालेल, मूळगाव कुठलं, कोण कुणाचा मुलगा, घर कुठून कुठं गेलं. पण चोपडी बहुतेक कन्नडमध्ये, तेव्हा नावं उतरवताना जपून. कोण कुठल्या हुद्द्यावर होता हे तिथं शोधू नका.

रुमालवाला:
एक राहिलं. कन्नड कागदांत 'कडत' शब्द आला तर? आज कन्नड ऑफिसात कडत म्हणजे फाइल. पूर्वी कापडाला चिंचोक्याची खळ आणि कोळसा फासून, घड्या घालून त्यावर बळपानं (मऊ दगडाच्या पेन्सिलीनं) लिहीत, ते कडत. शृंगेरी मठात अशी कडतं आहेत. तुमच्या यादीत 'जुने काळे फडके' असं काही लिहिलं असेल तर ते कपाट पुसायला वापरू नका म्हणजे झालं.

दूधगंगाकाठ:
यादीत 'मळके कापड, घड्या' असं आहे खरं! उद्या बघते. बाकी असं ठरवलंय: मोडी अवतरणात 'कारकिर्दीस' जसंच्या तसं, खाली साल. भट्टारकांच्या मथळ्याला काकांचा 'पट्टकाल', मुनींना चातुर्मास, पंच कमिटीच्या अध्यक्षांना कारकीर्द, आणि शाळेतल्या हेडमास्तरांना 'नोकरी'.

शहापूरची:
हेडमास्तरांना नोकरी लिहू नका हो ताई. त्यांच्या घरचे स्मरणिका परत पाठवतील. अध्यक्षांना कारकीर्द देतायसा आणि मास्तरांना नोकरी?

दूधगंगाकाठ:
बरं, त्यांनाही कारकीर्द. मुख्याध्यापकाची खुर्ची होतीच की.