कोरी पानं वाया का घालवता?

छोट्या प्रकाशकानं स्थानिक इतिहासावर कादंबऱ्या काढणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार, असं काही जण म्हणतात. ऑफसेटपुरतं, म्हणजे धातूच्या प्लेटवरून होणाऱ्या छपाईपुरतं, ते खरं आहे. प्रती कमी काढल्या तरी प्लेटचा खर्च तेवढाच. डिजिटल छपाईत प्लेटच लागत नाही, ५० प्रतीसुद्धा निघतात. गावापुरत्या पुस्तकाला आणखी काय हवं?

माझी तक्रार वेगळीच आहे. खरी माणसं कोणती आणि रचलेली कोणती, हे लेखक सांगतच नाहीत. पुस्तक १६ पानांच्या फॉर्ममध्ये (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यात) छापतात, त्यामुळे शेवटची दोन-चार पानं बऱ्याचदा कोरी राहतात. तिथे टीप द्या, जुना नकाशा छापा. ऐकीव गोष्ट आणि दप्तरातली नोंद जुळत नसेल, तर तेही बिनधास्त लिहा. वाचक उलट खूश होतो. आणि मुद्रितशोधनाच्या पैशांवर कात्री नको, प्लीज!