रापण म्हणजे जाळं, माणसं का दोन्ही?

गेल्या रविवारी आम्ही दोघं पहाटे चारला कोल्हापुरातनं निघालो, राधानगरी दाजीपूर करत फोंडा घाट उतरलो आणि कणकवली-कसालवरनं मालवण, दीडशे एक किलोमीटर, दिवसात जाऊन यायचं आणि पोटभर मासे खायचे एवढाच बेत. तारकर्लीला गाडी लावून किनाऱ्यावर गेलो तर तीस-चाळीस माणसं दोन रांगा करून दोर ओढत होती. बाजूला पाटी घेऊन बसलेल्या मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या रापण. मला वाटलं उन्हात रापतात म्हणून रापण, आपण म्हणतो की, शेतात राबून तोंड रापलंय, तसं. पण नाही, रापण म्हणजे ते जाळं. दोराचं एक टोक किनाऱ्यावरच ठेवायचं, होडीतनं जाळं अर्धगोल सोडत जायचं आणि दुसरं टोक लांब पुढं किनाऱ्याला आणायचं, मग दोन्हीकडनं ओढायचं, ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडं सरकत येतात. आमच्या ह्यांनी पण चप्पल काढून दोर धरला, दहा मिनिटात तळहात लालभडक, तरी शेवटपर्यंत सोडला नाही. जाळं वर आलं तेव्हा आत पेडवे, तारली आणि बांगडे, बांगड्याच्या निळ्या-हिरव्या पाठीवरच्या रेषा अशा चमकत होत्या की मी बघतच राहिले, आपल्याकडं घाट चढून येईस्तोवर त्या पार फिक्या पडलेल्या असतात.

आता माझा प्रश्न. मावशी मधेच म्हणाल्या "ती दुसऱ्यांची रापण", मग म्हणाल्या "आमच्या रापणीत इतकी माणसं". मग रापण म्हणजे नक्की जाळं का माणसं?

प्रतिसाद :
दोन्ही. मी मालवणचाच, आता नोकरीमुळं कोल्हापुरात. जाळं पण रापण आणि ते मिळून ओढणारी मंडळी पण रापण. शब्द स्त्रीलिंगी, ती रापण. आमच्याकडं घरातनं निघताना "रापणीक जातंय" एवढंच सांगतात, त्यात जाळं, माणसं, काम सगळं आलं. गोव्यात रांपण म्हणतात, ओढणारे ते रांपणकार, 1970 च्या दशकात ट्रॉलरच्या विरोधात त्यांनी मोठं आंदोलन केलं होतं. ट्रॉलर मासे ओरबाडून नेतो आणि किनाऱ्यावरच्या रापणीला काही उरत नाही, हे दुखणं आमच्याकडं पण आहेच. आणि रापणीत पगार नसतो हो, मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि दोराला हात लावला त्या प्रत्येकाचा वाटा.

प्रतिसाद :
वाटा म्हटल्यावर लगेच गावाकडची जत्रा आठवली. चार-पाच घरांत मिळून बकरं घ्यायचं आणि मटणाचे वाटे घालायचे, कलेजीचा तुकडा पण प्रत्येक वाट्यात पडलाच पाहिजे, नाहीतर भांडणं. मालवणच्या बाजारात बारीक मासळीचे ढीग लावतात त्याला पण वाटाच म्हणतात, किलोवर नाही, वाट्यावर भाव.

मूळ प्रश्नकर्ती :
दादा, तुमचं वाचून आत्ता उलगडा झाला. निघताना त्या मावशींनी पिशवीत चार बांगडे घालून ह्यांच्या हातात दिले. आम्हाला वाटलं पाहुणे म्हणून देतायत, म्हणून मी शंभराची नोट पुढं केली, तर त्यांना रागच आला, नोट माझ्या हातात परत कोंबली आणि म्हणाल्या "पैशे कित्याक? घेवा, तुमचो वाटो." मला तेव्हा वाटलं बोलायची पद्धत असेल. दुपारी एका खाणावळीत त्याच बांगड्यांचं तिखलं करून घेतलं, दाटसर, तिरफळाचा वास सुटलेला, आणि ह्यांनी त्या सुजलेल्या हातानंच खाल्लं. आता संध्याकाळी ऑफिसातनं आले की पहिलं हेच सांगते, ते फुकटचे नव्हते, तुमच्या वाट्याचे होते.