अनुभव धागा: बेज घरात रंग कसा आणलात? (फसलेलंही सांगा)

वाकडची नवी
मंडळी, मागच्या दिवाळीत नव्या फ्लॅटमध्ये आलो. बिल्डरच्या आयव्हरी विट्रिफाइड टाइल्स होत्याच, त्यावर इंटीरियरवाल्याने भिंती ऑफव्हाइट, सोफा बेज, पडदे 'सँड' म्हणजे परत बेजच, आणि टीव्ही युनिटला फिकं लॅमिनेट. थ्रीडी चित्रात इतकं गोड दिसत होतं! आता सहा महिन्यांनी सासूबाई सोफ्यावर बसून म्हणतात, "आपला नंबर कधी लागणार गं? डॉक्टर आले का?" वरवर हसते पण मलाही तसंच वाटायला लागलंय, कबूल कुठे करू. पुन्हा सगळं फोडायचं बजेट नाही, हप्ते चालू आहेत. तर अशा फिक्कट घरात ज्यांनी रंग, नक्षी, काहीतरी हाताला लागेल असं आणलंय त्यांनी काय केलं, काय फसलं ते सांगा. पिंटरेस्टच्या लिंका नकोत, त्या माझ्याकडे चारशे आहेत.

डोंबिवलीकर
फसलेल्यात माझा पहिला नंबर. शेड कार्डावर बोटाएवढा चौकोन बघून हळदी रंग निवडला, दहा बाय दहाची भिंत, दोन लिटर आणला, दोन हात मारून अर्धा लिटर उरला. भिंत सुकली आणि आमच्या हॉलमध्ये कायमची हळद लागली. दिवसा डोळ्यात जायची, रात्री ट्यूब लावली की हिरवट, जेवताना सगळ्यांना कावीळ. पेंटर शांतपणे म्हणाला, "साहेब, कार्डापेक्षा भिंतीवर गडदच दिसतो." हे रंगवून झाल्यावर!

दुसऱ्या वेळी शहाणा झालो. तीन शेडचे छोटे सॅम्पल डबे आणले, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढ्या पुठ्ठ्यांवर दोन दोन हात दिले आणि ते पुठ्ठे चार दिवस घरभर फिरवले, सकाळी खिडकीशी, दुपारी कोपऱ्यात, रात्री दिव्याखाली. बायको म्हणाली लोकं कुत्रा फिरवतात तुम्ही पुठ्ठा फिरवा. पण त्यातूनच गेरूची फिकी शेड मिळाली जी तिन्ही वेळेला चांगली दिसली. आणि यावेळी टीव्हीमागची भिंत नाही केली, सोफ्यामागची केली. टीव्हीमागे गडद रंग असला की बसल्या बसल्या तोच बघत बसावं लागतं. आता आत येणाऱ्याला दिसतो, आम्हाला पाठीशी असतो. एक भिंत, मजुरीसकट साडेतीन हजार.

नाशिकचा वायरमन
ताई, रंगाला हात लावण्याआधी दिवे बघा हो. नव्या फ्लॅटात बहुतेक ठिकाणी 6500 केल्विनचे पांढरेशुभ्र दिवे असतात, बल्बच्या खोक्यावर छापलेलं असतं बघा. त्या उजेडात बेज हा बेज राहतच नाही, करडा दिसतो. हॉल आणि बेडरूममध्ये 3000 वाले, म्हणजे पिवळसर, लावा, किचन आणि अभ्यासाच्या टेबलाला 4000 ठेवा. खोक्यावर सीआरआय पण लिहिलेला असतो, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, साधारण 80 असतो, 90 मिळाला तर तोच घ्या कारण कमी सीआरआयमध्ये लाल आणि मरून रंग मेल्यासारखे दिसतात, मग लोक म्हणतात गालिचा दुकानात वेगळा होता. आणि छतावर बारा स्पॉट असतील तर सगळे एकदम लावू नका. कोपऱ्यात एक उभा दिवा ठेवा, बाजूने उजेड पडला तरच कापडाची वीण दिसते, वरून पडला की सगळं सपाट. मी धंद्यातला आहे तरी स्वतःच्या घरात हे बायकोने सांगितल्यावर केलं, असो.

इंग्लंडातली एक
आम्ही रेडिंगला भाड्याने राहतो. इथे भाड्याच्या घरांचा ठरलेला रंग म्हणजे मॅग्नोलिया, साय आली तर सायीला पण लाज वाटेल इतका मचूळ. खाली करडा कार्पेट. भिंतीला खिळा मारायचा नाही, डिपॉझिट जातं. मग जे काय करायचं ते कापडानेच.

आईने ट्रंकेतल्या साड्या दिल्या होत्या. साडी साडेपाच मीटर म्हणजे सात फुटी पडद्याचे दोन पट्टे नीट निघतात, दुमड धरूनसुद्धा. मी अतिउत्साहात तिची जुनी मोरपंखी सिल्क काढली आणि दक्षिणेच्या खिडकीला लावली, अस्तर नाही काही नाही. काय सुंदर दिसायची सकाळी, सगळ्या खोलीत मोरपंखी उजेड. दीड वर्षात घडीघडीवर चिरली. ओढायला हात लावला आणि हातात पट्टी आली. उन्हाने रेशीम कुजतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि आईला मी अजून सांगितलेलं नाही, तिला वाटतं पडदे धुवायला काढलेत. तेव्हा रेशीम खिडकीला नको, लावलंच तर मागे जाड सुती अस्तर पाहिजे.

सुती इरकल मात्र चार वर्षं टिकली आहे. पदराचा लाल भाग सोफ्याच्या पाठीवर टाकते, तो टोपपदर एवढा ठसठशीत असतो की बाकी काही लागत नाही. उशांना खण. कर्नाटकातल्या गुळेदगुडचे खण पन्ह्याला अरुंद असतात त्यामुळे पडद्याला जोड द्यावे लागतात आणि जोड दिसतो, पण उशीला एकदम बरोबर. एक चूक करू नका, सहाच्या सहा उशा खणाच्या केल्या तर मंगळागौर वाटते. दोन खणाच्या, दोन साध्या जाड विणीच्या, दोन पट्ट्यांच्या.

कोल्लापुरी
उशीवरनं आठवलं. आमच्यात जुन्या लुगड्यांच्या वाकळा असत्यात, आज्जीच्या हातच्या, एका वाकळंत पाच-सहा लुगडी आणि सगळ्या अंगावरनं धावदोरा. लग्नानंतर बायकोनं पलंगावर पांढरी बेडशीट घातली आणि पायथ्याला वाकळ दुमडून टाकली. झालं, खोलीला जीव आला. आलेला प्रत्येक माणूस पहिला तिच्यावर हात फिरवतोय, मग बोलतोय. आणि खर्च शून्य.

घोंगडं पण हाय. काळं, दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, चिंचोक्याची खळ दिलेलं त्यामुळं कडक. अंगावर घेतलं तर टोचतंय पण बेज फरशीवर अंथरलं की असं उठून दिसतंय की इटालियन गालिचा झक मारतोय. फक्त दोन गोष्टी. एक म्हणजे कसर लागती, दर महिन्याला ऊन दाखवा आणि झटका. दुसरं, मशीनला घालू नका. मी घातलं. बाहेर काय आलं ते सांगत नाही, सध्या कुत्रं झोपतंय त्यावर.

रत्नांग्रीहून
पुण्यातल्या लोकांचं ऐकून कोकणात काही करू नका. आम्ही 'टेक्स्चर' पाहिजे म्हणून वॉलपेपर लावला, गवताच्या विणीचा, मे महिन्यात. जुलैत वरचा कोपरा सुटला, ऑगस्टात आख्खा पट्टा माझ्या मेव्हण्याच्या डोक्यावर. मागे भिंतीला हिरवी बुरशी. ज्यूटचा गालिचा पण गेला, खालून काळे ठिपके आणि ओल्या पोत्याचा वास.

मग वडील म्हणाले, अरे टेक्स्चर टेक्स्चर काय करतोस, गिलाव्याच्या आत चिरे आहेत की. आमचं घर जांभ्याचं, वरून गिलावा आणि पांढरा रंग. हॉलची एक आतली भिंत, आतली म्हणजे बाहेरून पाऊस न लागणारी, तिचा गिलावा काढला. पंधरा दिवस सगळ्या घरात तांबडी धूळ, चहात पण. गवंड्याने घाई केली तिथे दोन चिऱ्यांचे कोपरे उडाले, ते तसेच ठेवलेत. सांधे परत भरून घेतले, ब्रशने घासून पारदर्शक मॅट सीलर मारला. चकचकीत मारू नका, दगड प्लास्टिकचा दिसतो. आता तो तांबूस रंग, ती भोकं, संध्याकाळचा दिवा बाजूने पडला की... नाशिकवाले बरोबर बोलतायत, बाजूनेच पाडा. बाकी तीन भिंती पांढऱ्याच आहेत आणि पांढऱ्याच राहणार.

शंकासूर
फ्लॅटची आरसीसीची भिंत कोणी खरवडू नका रे बाबांनो, आत चिरे नाही सळई निघेल.

म्हापसेकार
हांव म्हापशांतलो, पण मराठीतच लिहितो. आजोबांच्या घरात नक्षीच्या सिमेंट टाइल्स होत्या, लाल-पिवळ्या-काळ्या फुलांच्या. घर पाडलं तेव्हा शंभर-सव्वाशे टाइल्स शाबूत काढल्या. आता फ्लॅटात त्या घालायच्या कुठे? जाड असतात, विट्रिफाइडच्या शेजारी बसवल्या तर उंबरठा तयार होतो, ठेच लागते. शेवटी बाल्कनी पूर्ण केली आणि चार टाइल्स लोखंडी फ्रेममध्ये बसवून टीपॉयचा टॉप.

हौसेने हॉलला फुलांचे पडदेही घेतले. बाल्कनीचं दार उघडलं की खालची फुलं आणि बाजूची फुलं एकमेकांशी भांडायची, बायको म्हणायची मला गरगरतंय. पडदे बदलून साधे सुती, टाइलमधल्याच विटकरी रंगाचे घेतले, भांडण मिटलं. आणखी एक, त्या टाइल्सवर बाथरूमचं अ‍ॅसिड चुकूनही टाकू नका. कामाला येणाऱ्या बाईंनी प्रेमाने टाकलं, एका कोपऱ्यातला रंग पांढरा फटक पडलाय. साधं पाणी आणि सौम्य साबण, बस.

सदाशिवातला
विरोधी मत नोंदवतो. पांढरं घर म्हणजे परदेशी फॅड असं सगळे समजून चाललेत. आमच्या वाड्यात दरवर्षी चुन्यात नीळ कालवून भिंती मारायचे, सगळं पांढरंच होतं. पण खाली शहाबादी फरशी होती, दाराला काळंभोर सागवान, कोनाड्यात पितळ. म्हणजे पांढरा एकटा कधीच नव्हता. तुमच्याकडे भिंत फिकी, फरशी फिकी, लाकूड फिकं, सगळंच एका वजनाचं झालंय. नवीन रंग आणण्याआधी एक काहीतरी गडद आणि जड आणून बघा. आमच्याकडे आजीचं घंगाळ आहे, त्यात छत्र्या ठेवतो. (आजी असती तर तिने छत्री माझ्या डोक्यात घातली असती.)

अंधेरीहून
दोन वर्षांचं पोर आणि बेज सोफा ज्यांच्याकडे आहे त्यांनी काळजी करू नका, नक्षी आपोआप येते. आमच्याकडे वरण आणि निळं स्केचपेन. सध्या त्यावर सोलापुरी चादर, मोरपंखी-मरून, जकार्ड विणीची, दोन्ही बाजूंनी वापरता येते आणि दर आठवड्याला मशीनमध्ये जाते. पाहुणे विचारतात कुठून घेतलं, मी खोटं सांगत नाही, सासरच्या माळ्यावरून.

वाकडची नवी
सगळ्यांचे खूप आभार, तीनदा वाचला धागा. अपडेट देते. पहिलं काम दिव्यांचं केलं, हॉलचे चार बल्ब बदलले, दोन स्पॉट चक्क बंद केले. नवरा ऑफिसातून आला आणि म्हणाला सोफा बदललास का? सोफा तोच.

मग माळा काढला. सासूबाईंच्या लग्नातलं काळं, लाल काठाचं लुगडं निघालं, एका बाजूला जीर्ण झालेलं. कापायचं म्हणून मी कात्री घेतली आणि त्यांनी हात धरला. म्हणाल्या, कापू नकोस, फाटका भाग आत घेऊन दुमड. तसंच घडी करून सोफ्याच्या एका हातावर टाकलंय, काठ बाहेर. सदाशिवातल्या काकांचं पटलं म्हणून टीपॉयखाली घोंगडं मागवलंय, कोल्लापुरी दादा, मशीनचं लक्षात ठेवलंय. भिंत अजून तशीच आहे, पुठ्ठे रंगवलेत, सध्या तिसरा दिवस, फिरवतेय. गेरू की गडद हिरवा यावर घरात मतदान चालू आहे, सासूबाई हिरव्याच्या बाजूने.

दवाखान्याचा विषय त्यांनी सोडलेला नाही. काल शेजारच्या काकू आल्या तर त्यांना सांगत होत्या, "या या, आता जरा बड्या डॉक्टरचा दवाखाना झालाय."