मदत हवी आहे: 'अप्पियस' हे नाव आलं कुठून?

रोमन नावांची टिपणं काढतोय. मार्कस मार्स देवावरून, लुसियस उजेडावरून, इथवर सरळ आहे. गाडी अडलीय ती अप्पियसवर. इ.स.पू. ३१२ मध्ये व्हिया अप्पिया हा रस्ता बांधायला घेणारा अप्पियस क्लॉडियस सगळ्यांना ठाऊक. शिलालेखांत या नावाची 'ए-पी' एवढी दोनच अक्षरं कोरलेली, तीही बहुतेक क्लॉडियस घराण्यातच! रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो, घराण्याचा मूळपुरुष सॅबाइन (रोमशेजारच्या एका जमातीतला), अट्टियस क्लॉसस. रोमला आल्यावर तो अप्पियस क्लॉडियस झाला. मग अप्पियस हे अट्टियसचंच लॅटिन रूप, की वेगळंच नाव? जाणकारांनी सांगावं. घराण्याबाहेरचा एखादा अप्पियस कोरीव लेखात दिसला असेल तर तोही हवाय. (लुसियस हे नाव मात्र क्लॉडियसांनी टाकलं, कारण दोन लुसियस दरोडा आणि खुनात दोषी ठरले, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो. काय घराणं!)